झालर पडली तर पडू दे

कार्ल्सरूह, जर्मनी
१२ जून २०२२

प्रिय शुभा,

कशी असस गो? तुझ्या प्रश्नाला व्हॉट्सॲपवर उत्तर देत बसले असते तर अंगठा दुखून आला असता, म्हणून सरळ लिहायलाच बसले. तू विचारलंस, की तुम्ही तिकडे लोकरीचे प्रवाळ केलेत म्हणे, तसं काही आमच्या बचत गटाला मालवणात करता येईल का. येईल की! फक्त मी सांगते त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे तू ठरव, कारण यातलं सगळंच मला पटलेलं नाही.

आधी मूळ गोष्ट. मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्टहाइम या जुळ्या बहिणी. मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या, म्हणजे ग्रेट बॅरियर रीफच्या राज्यातल्या, पण राहतात लॉस एंजेलिसला. एक विज्ञानावर लिहिते, दुसरी कलेच्या क्षेत्रातली. २००५ साली त्यांनी घरच्या दिवाणखान्यात क्रोशाने प्रवाळ विणायला घेतले. त्याचं पुढे एवढं झालं की गावोगावचे लोक आपापलं प्रवाळबेट विणू लागले. शिकागो, लंडन असं करत ते पसरत गेलं आणि २०१९ मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या मोठ्या कला-प्रदर्शनातही पोचलं. आमच्या शेजारच्या बाडेन-बाडेन गावात फ्रीडर बुर्डा संग्रहालयाने गेल्या वर्षी आवाहन केलं आणि सुमारे ४ हजार लोकांनी मिळून ४० हजारांवर प्रवाळ पाठवले. त्यातले काही आमच्या गटाचे.

आता तुला गंमत सांगते, आणि ही काकूंनाही वाचून दाखव. आपण दोघी तुमच्या पडवीत क्रोशा शिकत होतो तेव्हा रुमालाला झालर पडली की काकू काय म्हणायच्या? "उसव." एका शब्दात निकाल! गोल रुमाल सपाट बसायचा तर मुक्या खांबांच्या, म्हणजे त्या बुटक्या टाक्यांच्या, प्रत्येक ओळीला सहाच टाके वाढवायचे. ६, १२, १८, २४. वाढवलेच नाहीत तर टोपी होते. आणि जास्त वाढवले तर कड मावत नाही, दुमडते, लाटा येतात, झालर पडते. काकूंच्या लेखी ती चूक. गणितवाल्यांच्या लेखी ती एक अख्खी भूमिती आहे, शुभा! तिला हायपरबोलिक म्हणतात. एकोणिसाव्या शतकात बोल्याय आणि लोबाचेव्हस्की यांनी ती कागदावर मांडली. आपण शाळेत शिकलो, की एका रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला समांतर अशी एकच रेषा काढता येते. या झालरीवर अशा हव्या तेवढ्या काढता येतात. पण हातात धरून बघावं असं याचं नीट काही कुणाकडे नव्हतं. कागदाच्या पट्ट्या चिकटवून नमुने करायचे, ते फाटायचे. १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या डाइना टाइमिना या लाटवियन बाईंनी ते क्रोशाने विणून दाखवलं. आधी त्यांनी दोन सुयांवरचं विणकाम करून पाहिलं होतं. पण त्यात सगळे टाके सुईवरच धरून ठेवावे लागतात आणि इथे तर टाके वाढतच जातात. क्रोशात सुईवर एकच फास उरतो, मग कितीही वाढव. हे कळायला क्रोशा येणारी गणितज्ञच लागते.

करून बघायचं असेल तर पाच साखळ्या जोडून गोल कर, त्यात सहा मुके खांब घाल आणि पुढे प्रत्येक टाक्यात दोन-दोन. ६, १२, २४, ४८. सातव्या ओळीला सपाट रुमालात ४२ टाके असतात, इथे ३८४ होतात. चक्रवाढ व्याजच ते! वस्तू मुठीत मावते, पण आठव्या ओळीला कड संपता संपत नाही, दोऱ्याचा गुंडा मात्र संपतो. एवढं घट्ट नको असेल तर दर तिसऱ्या किंवा पाचव्या टाक्याला एक वाढव, लाटा मोठ्या आणि सैल येतात. समुद्रात प्रवाळ, समुद्री गोगलगायी, जमिनीवर कुरळ्या पानांचं लेट्युस, सगळ्यांनी हीच युक्ती केली आहे. थोड्या जागेत जास्त पृष्ठभाग, म्हणजे खायला आणि ऊन घ्यायला जास्त जागा.

वर्टहाइम बहिणींचं खरं डोकं मला दिसतं ते पुढे. टाइमिनाबाईंचा नियम काटेकोर, त्यातून निघणारी वस्तूही एकसारखी. या दोघींनी म्हटलं, नियम घ्या आणि मोडा. मध्येच लोकर बदला, कुठे वाढवा, कुठे विसरा. त्यामुळे कुणाचेच दोन प्रवाळ सारखे होत नाहीत. आमच्या गटात हे पचायला वेळ लागला. करोनामुळे सगळं पडद्यावर चाले. जर्मन बायकांना छापील नमुना हवा असे, कितव्या ओळीला काय ते लिहून. तो नाहीच म्हटल्यावर एक आजी चक्क रागावल्या. उलट एक तुर्की शेजारीण होती, ती लहानपणापासून ओढणीच्या कडेला ओया, म्हणजे त्यांच्याकडची नाजूक जाळी, करणारी. तिने पहिल्याच संध्याकाळी बारीक दोऱ्याने असा काही तुरा काढला, की आम्ही बाकीच्या सुया खाली ठेवून बघत बसलो. भाषा तिला येत नव्हती आणि मला तेव्हा अर्धवटच, पण सुई कॅमेऱ्यापुढे धरली की काम भागे. मी काकूंकडे शिकलेला भरगच्च खांबांचा गोप केला. त्याला तिथे "नळीचा प्रवाळ" म्हणून मान मिळाला!

परवा बघायला गेले. या महिन्यापासून इथे ९ युरोत महिनाभर कुठल्याही लोकलने फिरा असं तिकीट निघालंय, त्यामुळे गाडीत आपल्या विरारसारखी गर्दी. संग्रहालय मात्र पांढरंशुभ्र, बागेत, काचांतून भरपूर उजेड. आत लोकरीची बेटंच्या बेटं, कमरेच्या वर उंच. लांबून फक्त रंग दिसतात. जवळ गेलीस की एकेक हात दिसायला लागतो, ही घट्ट विणणारी, हिची साखळी सैल, हिने दोऱ्याचं टोक लपवलेलंच नाही. एका जागी पांढऱ्या सुती दोऱ्याचा एवढासा प्रवाळ होता, आपल्याकडे समईखालचा रुमाल करतात तसला दोरा. त्याच्या कडेला कुणीतरी एक-एक मणी घेत गेलं होतं, आणि मणी संपल्यावर उरलेली कड तशीच सोडून दिली होती. मी तिथेच रेंगाळले. माझा गोप शोधायला विसरलेच म्हणेनास, आणि शोधला असता तरी सापडला नसता.

वरच्या मजल्यावर बहिणींचे स्वतःचे प्रवाळ आहेत. त्यात एक विषारी बेट आहे, व्हिडिओच्या फिती आणि प्लास्टिक विणून केलेलं. त्या दोघींनी स्वतःच्या घरातला प्लास्टिकचा कचरा काही वर्षं साठवूनही ठेवला होता. मला हा भाग फार आवडला, कारण माझं मुख्य भांडण तिथेच आहे. बाकीची लोकर बहुतेक ॲक्रिलिकची, म्हणजे प्लास्टिकच! समुद्रातल्या प्लास्टिकबद्दल बोलायचं आणि किलोकिलोने प्लास्टिक विणायचं, हे मी गटात बोलूनही दाखवलं. उत्तर मिळालं, की घरात पडलेलं उरलंसुरलं वापरा, नवं आणू नका. तेवढ्यावर मी गप्प बसले, समाधान काही झालं नाही.

आमचे हे विचारतात, याने एक तरी प्रवाळ वाचतो का? नाही वाचत. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतो, मग रंग जातो, आणि पाणी लवकर निवलं नाही तर जीवही जातो. ग्रेट बॅरियर रीफवर १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२० आणि यंदाही असं मोठ्या प्रमाणावर झालं. यंदा तर ला निनाचं, म्हणजे एरवी पाणी थंड राहायचं वर्ष असून! विणून हे थांबत नाही. पण ज्या आजी नमुन्यासाठी रागावल्या होत्या, त्या आता बातम्यांत समुद्राचं तापमान आलं की मला फोन करतात. आणि आणखी एक, या प्रकल्पात विणणाऱ्यांची नावं लिहायची रीत आहे. बायकांच्या हातच्या कामावर नाव कधी असतं गं? काकूंनी केलेली तोरणं अर्ध्या मालवणच्या दारांना लागलीत, कुणाला ठाऊक आहे का?

तेव्हा तुझ्याबद्दल. तुम्हाला ऑस्ट्रेलियापर्यंत जायची गरजच नाही. प्रवाळ तुमच्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूलाच आहेत, १९८७ पासून तिथलं अभयारण्य आहे, आणि विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक, म्हणजे पाण्याखालचं प्रवाळांचं पठार, आहेच. गटातल्या किती जणींनी ते पाण्याखाली पाहिलेत? तुमचा समीर रोज पर्यटकांना दांडीच्या किनाऱ्यावरून नेऊन दाखवतो, घरच्या बायकांना एकदा तरी नेलंय का त्याने? पावसाळा संपून होड्या पाण्यात गेल्या की आधी ते करायला लाव. फोटो पाहून विणलेलं आणि डोळ्यांनी पाहून विणलेलं यात फरक पडतो.

लोकर विकत आणू नकोस. सुती दोरा घे, नाहीतर जुन्या साड्यांच्या चिंध्या, जाड सुईवर छान विणल्या जातात. उघड्यावर, धक्क्यावर वगैरे तर मुळीच लावू नकोस, वाऱ्यापावसात धागे सुटून समुद्रातच जायचे. वाचनालयात किंवा शाळेच्या सभागृहात मांडा. नमुना देऊ नकोस, नियम तेवढा सांग. आणि वही घालून प्रत्येकीचं नाव पहिल्या दिवसापासून लिही, मागाहून कुणाला आठवत नाही.

काकू शिकवायला नको म्हणतील, डोळ्यांचं कारण सांगतील. त्यांना म्हणावं, विणू नका, नुसत्या बसून बघा, आणि उसव मात्र म्हणायचं नाही. मी गणपतीत येतेय, येताना वेगवेगळ्या नंबरच्या सुया घेऊन येईन, किती जणी आहात ते कळव. तोवर समीरला सांगून रापणीच्या फाटक्या जाळ्यांचे तुकडे गोळा करून ठेव. नायलॉनचं आहे, स्वच्छ धुऊन घेतलंस की विणता येईल, आणि तुमचं विषारी बेट त्यातूनच होईल.

काकूंना नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद.

तुझी,
वैजू