मावशी, तू "जाते" म्हणायचीस

मावशी,

"पत्र कसलं लिहितेस, तोंडानं बोल ना," असं तू म्हणशील. पण तुझ्यासमोर बसलं की मी भलतंच काहीतरी बोलत राहते. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहून टाकते.

तू आलीस तेव्हा मी सहा वर्षांची होते. बाबा नोकरीसाठी दूर, आणि आई घरात असून नसल्यासारखी. बाहेर पडताना ती "येते हं" म्हणायची. मग कधी रात्री उशिरा उगवायची, कधी दोन दिवसांनी. "येते" म्हणजे आता कोणी येणार नाही, एवढंच मला ठाऊक होतं. हे तू आठवड्याभरात ओळखलंस. निघताना "जाते" म्हणू नये म्हणतात, तू मात्र सरळ सांगायचीस, "आता जाते. छोटा काटा सातावर आला की येईन." मी घड्याळासमोर बसून राहायचे, आणि तू यायचीस. एकदा पावणेआठ झाले, तर चपला काढायच्या आधी माझी माफी मागितलीस. मोठी माणसं लहानांची माफी मागतात हे मला नवीनच होतं.

ताटातलं थोडं मी उशीखाली लपवायचे. मुंग्या झाल्या तरी तू ओरडली नाहीस, झाकणाचा डबा आणून दिलास. "हा तुझा. रिकामा झाला की भरून देईन." कितीतरी रात्री मी उठून झाकण उघडून बघायचे. मग कधीतरी बघायचं राहून गेलं. कधी, ते आठवत नाही. विसरल्याचं आठवणार तरी कसं?

आणि केस! जटा झालेल्या. कापून टाका, असं सगळे म्हणत होते. तू तीन संध्याकाळी टोकाकडून एकेक गुंता सोडवत बसलीस. मी रडत नसे, म्हणून लोक मला गुणाची म्हणायचे. तुला एकटीलाच त्याची काळजी वाटायची. तिसऱ्या दिवशी मी "दुखतंय!" म्हणून किंचाळले, तर तू चक्क खूश झालीस.

परवा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या अभ्यासाबद्दल वाचलं. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. ज्यांच्या घरी गरिबी, भांडणं, आईबापांची आजारपणं असं सगळंच होतं, त्यांतलीही साधारण एकतृतीयांश मुलं चांगली निभावून गेली. त्यातल्या बहुतेकांना एक तरी भरवशाचं माणूस लाभलं होतं, आणि ते आईवडीलच असायचे असं नाही. मी वाचता वाचता थांबले. डबा आठवला.

पण सगळ्यात मोठे आभार वेगळेच आहेत. एकदा मी म्हटलं होतं, "तूच माझी आई हो ना." तू म्हणालीस, "आई आहे तुला. मी मावशी." किती राग आला होता मला! खरं सांगू, अजूनही कधीकधी येतो. आईबद्दल वाकडा शब्द तू कधी काढला नाहीस, आणि काढण्यासारखं तर ढीगभर होतं. आता मी तिच्याकडे जाते. आम्ही फार बोलत नाही, पण तासभर बसतो.

तुझ्या गुडघ्याचं औषध संपत आलं असेल, घेऊन ठेवलंय. आता जाते. रविवारी छोटा काटा दहावर आला की येईन.

तुझी पोर