जोंगा घेतली, दिन्या

प्रिय दिन्या,

जोंगा घेतली, मिलिटरीची ती जुनी मोठी जीप. हे फोनवर सांगता आलं असतं, पण तू पहिलं वाक्य ऐकून लगेच "लिटरला किती देते?" विचारणार आणि पुढचं सगळं तिथेच बुडणार. तर आधी तेच सांगून टाकतो: चार. उतार असला तर पाच. आता निवांत वाच.

इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा आहे तसाच, माझी साखर गोळीवर आटोक्यात आहे.

गाडी नगरकडे मिळाली. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण आपली जीभ नगरवरच जाते. एका डाळिंबवाल्या शेतकऱ्याने ती फार वर्षांपूर्वी मिलिटरीच्या लिलावात घेतलेली. काही वर्षं बागेत पाण्याची टाकी ओढली, मग पेट्रोल परवडेना म्हणून कडुनिंबाखाली उभी केली ती केलीच. आणि त्यामुळेच ती वाचली, हे लक्षात घे. जिथे जिथे जोंगा रोज पळत राहिल्या, तिथे मालकांनी खर्चाला कंटाळून मूळ इंजिन भंगारात दिलं आणि कुठल्यातरी टेंपोचं डिझेल इंजिन आत कोंबलं. हिच्यात अजून तेच सहा सिलिंडरचं, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन आहे, निसान पॅट्रोलचं. बोनेट उघडून ते लांबलचक ब्लॉक पाहिलं तेव्हा मला भाव करायचंही सुचेना. सुमन सोबत होती म्हणून बरं, तिनेच भाव केला.

म्हातारबाबांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "ही पासष्टच्या लढाईतली." मी काही बोललो नाही, पण तुझी आठवण झाली. तुझे फौजी नाना असते तर तिथेच वर्ग घेतला असता. जोंगा जबलपूरला 1969 पासून बनायला लागल्या, निसानच्या परवान्यावर. नावच तसं आहे, जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली, त्याची आद्याक्षरं. पासष्टला खेमकरणला परमवीर अब्दुल हमीदांनी 106 मिलिमीटरची तोफ लावून जी गाडी नेली ती साधी छोटी जीप होती. 10 सप्टेंबर ही तारीख नाना आपल्याकडून पाठ करून घ्यायचे, आणि तू दर वेळी 11 म्हणायचास. तू ते मुद्दाम करायचास, असं माझं अजूनही म्हणणं आहे.

आपली गाडी 73ची. मागच्या फाळक्यावर शेतकऱ्याने चुना फासला होता. तो ओल्या फडक्याने हळूहळू काढला तर खाली वर तोंड केलेला बाण आणि त्यापुढे 73 दिसायला लागलं. पुढचे आकडे अर्धे गेलेत. उजव्या मडगार्डवर युनिटच्या खुणेचा चौकोन आहे, आतलं काही वाचता येत नाही.

मेकॅनिकल बाजू थोडक्यात सांगतो, कारण तिची मला काळजी नाही. ब्रेकचे चारही ड्रम उघडले, व्हील सिलिंडर सगळे गळत होते, ते बदलले. पाटे चांगले आहेत, फक्त शॅकलचे बुश गेलेले. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि सगळे ग्रीस निपल मी स्वतः साफ केले. पायाखालचा पत्रा दोन्ही बाजूंनी सडलाय, कारण हुडाचं पाणी चटईत मुरून तिथेच बसायचं. तेवढाच तुकडा कापून नवा जोडायचा, बाकीच्याला हात नाही. खरा त्रास आताच्या पेट्रोलचा आहे. पंपावर बहुतेक वीस टक्के इथेनॉलचंच मिळतं आणि त्याने जुने रबरी पाइप आणि इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचा पडदा मऊ पडतो. शिवाय गाडी महिनोन्महिने उभी राहिली की इथेनॉल पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते. म्हणून सगळे पाइप आजच्या पेट्रोलला टिकणारे घेतले आणि टाकी कोरडी ठेवायची सवय लावतोय. मिस्त्री रोज एकदा तरी म्हणतो, "साहेब, डिझेल इंजिन टाका, आयुष्यभर सुखात राहाल." त्याला मी तुझ्या डिझेल बुलेटची गोष्ट सांगितली. यवतेश्वरच्या घाटात मी खाली उतरून तिच्या शेजारून चालत होतो आणि तरी पुढे होतो, तो दिवस. त्यानंतर डिझेलचं नाव नाही.

आता मुख्य गोष्ट.

डॅशबोर्डला डाव्या बाजूला कप्पा आहे, त्याचं झाकण अडकलेलं होतं. बिजागरीत तेल सोडून दुसऱ्या दिवशी उघडलं. आत उंदराचं घरटं, एक गंजलेला स्पार्क प्लगचा पाना आणि काही नाही. झाकणाची आतली बाजू पुसत होतो तर बोटाला खरखर लागली. बॅटरी तिरपी धरली. कुणीतरी खिळ्याने रंग खरवडून लिहिलंय, देवनागरीत, नीट ओळ धरून:

आई आजारी. रजा नाही.

नाव नाही, तारीख नाही.

मला माहीत आहे की हे नानांचं नाही. अक्षर त्यांचं नाही, त्यांचा "र" तसा नव्हता, आणि ते या गाडीवर असण्याचं काही कारण नाही. लष्करात मराठी लिहिणारे पुष्कळ. शब्द मराठी आहेत एवढंच, माणूस कोण आणि कुठला ते या चार शब्दांवरून ठरत नाही. पण तुझी आजी, नानांची आई, गेली तेव्हा तार उशिरा पोचली आणि नाना तेराव्यानंतर आले, ओसरीवर बूटही न काढता बसले, ते तू आणि मी खांबामागून पाहिलंय. त्यांनी त्यावर जन्मात एक शब्द काढला नाही. म्हणून हे तुला लिहायचं होतं. सुमनला दाखवलं तर तिचे डोळे भरले, पण तिने तो खांब पाहिलेला नाही.

आणि आता हे सगळं रंगवायचंय, दिन्या. इथे माझी झोप उडालीय.

मोटार वाहन नियमांतला 121 क्रमांकाचा नियम सांगतो की संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग नको. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. उद्या कुणीही हिरवी जीप घेऊन छावणीच्या गेटवर उभा राहिला तर पहारेकऱ्याने काय ओळखायचं? तू स्वतः पठाणकोटच्या हल्ल्याच्या वेळी हेच बोलला होतास. शेतकऱ्याने गाडी कधी पासिंगच केली नव्हती, बागेतच फिरवली, म्हणून त्याला कुणी विचारलं नाही. मला मात्र कागद करायचेत. लिलावाचं मूळ विक्री प्रमाणपत्र त्याने पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलं होतं, त्याचे उपकार. 2021च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, वीस हजार फी, दहा वर्षांची नोंदणी, नंबरात "व्हीए" अक्षरं. अट अशी की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे एक नियम सांगतो जशी आहे तशी ठेवा आणि दुसरा सांगतो रंग बदला. दोन्ही पाळायचे तर जे जपायला मी गाडी घेतली, त्यावरूनच ब्रश फिरवायचा.

तू म्हणशील, रंगच तर आहे. तुझं हे नेहमीचं. नानांची काळी ट्रंक तू दिवाळीला ऑइलपेंटने चकचकीत केलीस आणि झाकणावरचं पांढऱ्या अक्षरातलं त्यांचं नाव, नंबर, पलटणीचं नाव सगळं गेलं. मी तेव्हा तुझ्याशी भांडलो आणि तू म्हणालास, "ट्रंक नानांची आहे, रंग बाजारचा आहे." ते वाक्य मला अजून पटलेलं नाही. त्या नंबरातल्या सातला नानांनी मध्ये आडवी रेघ मारली होती, आठवतं? ती रेघ बाजारची नव्हती. पण नानांनी तुला शाबासकी दिली हेही खरं आहे, आणि ते मला तेव्हाही बोचलं होतं. फौजी माणसाला जुना रंग आवडत नाही. गाडी म्हणजे रोज पुसलेली, निरीक्षणाला उभी असलेली, बूट जसे. त्यांना या गाडीवरचा पापुद्रा दाखवला असता तर म्हणाले असते, "काय लाज आहे का, घास आणि मार नवा हात." मग मी कुणासाठी जपतोय?

बरेच दिवस मी याच प्रश्नाभोवती फिरलो. आता एवढं स्पष्ट झालंय: नाना गाडी जपायचे ती उद्या पुन्हा न्यायची म्हणून. ही उद्या कुठेही जाणार नाही. हिच्याकडे आता फक्त झालेलं आहे, आणि ते सगळं रंगात आहे. त्या झाकणावरचे शब्द म्हणजे खरवडून काढलेल्या रंगाची जागा. तिथे नवा हात मारला तर रंग बरोबर त्या खाचांत जाऊन बसेल आणि ओळ बुजेल. पेंटर आतून-बाहेरून, लांबी भरून, एकजात करून द्यायला तयार आहे. त्याचा धंदा आहे, त्याला दोष नाही.

तर माझा बेत असा. बोनेट, फाळका, मडगार्ड, दारं हे सगळं बोल्टवर आहे, सुटं होतं. भंगार बाजारात फिरून फाळका आणि उजवं मडगार्ड दुसऱ्या जोंगाचं मिळवायचं आणि ते करड्या रंगात रंगवून गाडीला लावायचं. मूळचे दोन्ही माळ्यावर कोरड्यात, जवसाच्या तेलाचा पातळ हात देऊन, कापडात गुंडाळून. बाकीच्या बॉडीला बाहेरून करडा रंग द्यावाच लागेल, तिथे खुणा नाहीत, माझी तक्रार नाही. कप्प्याचं झाकण काढून ठेवणार आणि तिथे साधं नवं बसवणार. आतला हिरवा पत्रा आरटीओचे निरीक्षक चालवून घेतील का, ते आधी जाऊन विचारणार. नाही म्हणाले तर तोही रंगेल, पण मूळ रंगावरून पॉलिश पेपर फिरू देणार नाही. वरून थर चढला तर उद्या कुणाला तरी तो उतरवता येईल. घासलेलं परत येत नाही.

एक अडचण उरते. झाकण काढलं की ते गाडीचं राहतं का? त्या ड्रायव्हरने ते गाडीत लिहिलं, पुढचा जो बसेल त्याने वाचावं म्हणून, किंवा कुणीच वाचू नये म्हणून. ते काचेत घालून भिंतीवर टांगणं मला जमणार नाही. सुमन म्हणते, मूळ झाकणच परत लाव आणि आतली बाजू सोडून फक्त बाहेरून रंग दे, बंद असताना कोण बघतंय. तिचं बरोबर वाटतं. पण यात माझ्यापेक्षा तुझं मत मोठं आहे. तू नको म्हणालास तर तसं.

आता तुझं. बडोद्याची बदली मनासारखी झाली ना? पोरीचा बारावीचा निकाल वहिनींकडून कळला, तिला माझ्याकडून शाबासकी सांग, आणि इंजिनिअरिंगलाच ढकलू नकोस. तुझ्या कंबरेचं काय झालं ते लिही. काकूंना नमस्कार, त्यांना झाकणाचं सांगायचं की नाही ते तू ठरव.

नोंदणी झाली तरी गाडी रोज वापरता येणार नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढ्यालाच परवानगी. पण अपशिंग्याला माजी सैनिकांचा कार्यक्रम असतो, तिथे प्रदर्शनाला नेता येईल का ते मी विचारलंय. त्या दिवशी तू शेजारच्या सीटवर हवास. चालवायला देणार नाही, आधीच सांगतो, तुला अजून क्लचवरून पाय काढता येत नाही.

पेंटरला दिवाळीनंतर ये म्हणून सांगितलंय. त्याआधी एक रविवार काढून ये. नानांची ग्रीस गन तुझ्याकडेच असेल तर घेऊन ये, बाजारातल्या गन निपलवर नीट बसतच नाहीत. येणं जमणार नसेल तर झाकणाबद्दल काय ते दोन ओळी लिहून कळव, पण फोन करू नकोस.

तुझा,
सुऱ्या