तुझे घड्याळ बिघडलेले नाही

मुलुंड, मुंबई

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. लेकीने जपानहून आणलेले, रेडिओ-संकेतावरून वेळ मिळवणारे मनगटी घड्याळ कोल्हापुरात आल्यापासून रोज सकाळी संकेत न मिळाल्याची खूण दाखवते, आणि तू तास-मिनिटे हाताने मागे घेऊन ते चालवतो आहेस, हे वाचून मी त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो. घड्याळजीकडे जाऊ नकोस आणि मागचे झाकण तर कोणालाही उघडू देऊ नकोस, कारण एकदा झाकण उघडले की आत पाणी न शिरण्याची खात्री राहत नाही. तुझे घड्याळ बिघडलेले नाही. त्याला ज्यांचा आवाज ऐकण्याची सवय आहे, त्यांच्यापासून ते फार दूर आले आहे, एवढेच झाले आहे. दोन वर्षांपूर्वी पुतण्याने मला असेच घड्याळ दिले तेव्हा पहिले तीन आठवडे मीही याच काळजीत काढले होते, म्हणून जे समजले ते सविस्तर लिहितो.

या घड्याळाच्या पोटात फेराइट या लोहयुक्त चुंबकीय पदार्थाच्या छोट्या कांडीवर तार गुंडाळून केलेली एक अँटेना असते. जगात मोजक्या ठिकाणी अणुघड्याळांच्या आधारे वेळ सांगणारी दीर्घलहरींची, म्हणजे लांब तरंगांच्या रेडिओ लहरींची, प्रक्षेपण केंद्रे आहेत, त्यांचा संकेत ती कांडी पकडते. तुझ्या घड्याळावर ‘मल्टिबँड ६’ असे लिहिले आहे, म्हणजे ते अशी सहा केंद्रे ऐकू शकते. त्यांपैकी दोन जपानमध्ये आहेत, एक फुकुशिमा प्रांतात ४० किलोहर्ट्झवर आणि दुसरे क्यूशू बेटावर ६० किलोहर्ट्झवर. चीनचे केंद्र शांग्च्यूला ६८.५ किलोहर्ट्झवर, जर्मनीचे फ्रँकफुर्टजवळ माइनफ्लिंगेनला ७७.५ किलोहर्ट्झवर, आणि ब्रिटनमधील अँथॉर्न व अमेरिकेतील फोर्ट कॉलिन्स ही दोन्ही ६० किलोहर्ट्झवर आहेत. अशा संकेतावर चालणारे पहिले मनगटी घड्याळ जर्मनीच्या युंगहान्स कंपनीने १९९० मध्ये बाजारात आणले आणि तेही आकडे दाखवणारेच होते, हे वाचल्यावर मला विशेष आनंद झाला.

आता आपल्या अडचणीकडे येतो. माझ्या घड्याळाच्या पुस्तिकेत जपानी केंद्रांचा पल्ला प्रत्येकी सुमारे १,००० किलोमीटर आणि चीनच्या केंद्राचा सुमारे १,५०० किलोमीटर दिला आहे. मुंबईपासून फुकुशिमा साडेसहा हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि सर्वांत जवळचे शांग्च्यूदेखील साधारण साडेचार हजार किलोमीटरवर आहे. या घड्याळांना ऐकता येईल असे दीर्घलहरींचे केंद्र भारतात नाही. भारतीय प्रमाण वेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत सीझियमच्या अणुघड्याळांवर अतिशय काटेकोरपणे राखली जाते, परंतु ती या कांडीपर्यंत पोचवणारा आवाज आपल्याकडे नाही. म्हणूनच ‘होम सिटी’, म्हणजे ज्या शहराची वेळ घड्याळाने दाखवायची ते शहर, म्हणून दिल्ली निवडली की माझे घड्याळ संकेत शोधण्याचा प्रयत्नच करत नाही. तुझ्या घड्याळात अजून टोकियो निवडलेले असणार, त्यामुळे ते बिचारे मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत दर तासाला कान देऊन बसते आणि सकाळी निराश होऊन तुला तसे कळवते.

यात तुझ्याकडून एक चूक होते आहे, ती आधी सुधार. टोकियोची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते, म्हणून तू होम सिटी तशीच ठेवून तीन तास आणि तीस मिनिटे हाताने मागे घेतलीस. असे केल्याने घड्याळ त्या आकड्यांनाच टोकियोची वेळ समजते. उद्या कोठे खरा संकेत मिळाला तर ते क्षणात साडेतीन तास पुढे उडी मारेल आणि जगातील इतर शहरांच्या वेळाही तोपर्यंत चुकीच्याच दिसत राहतील. तास-मिनिटांना हात न लावता फक्त शहर बदलायचे, हा पहिला नियम पक्का लक्षात ठेव. वरचे डावे बटन शहराचे अक्षर लुकलुकेपर्यंत दाबून धरले की टोकियोच्या जागी दिल्ली आणता येते आणि मग साडेतीन तासांचा हिशेब घड्याळ स्वतः करते. उन्हाळी वेळेची, म्हणजे काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे ठेवतात त्याची, सोय मात्र बंद आहे ना, ते त्याच वेळी पाहून घे. आपल्याला तिचा उपयोग नाही आणि ती चुकून चालू राहिली तर एक तासाचा घोळ होतो.

सुरुवातीला मी संकेत पकडण्याचा हट्ट धरला होता. दीर्घलहरी जमिनीला धरून दूरवर जातात, आणि रात्री आकाशातील आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या, थरावरून परतून त्या आणखी लांब पोचतात, एवढे वाचल्यावर मला वाटले की एखाद्या थंड, कोरड्या रात्री चीनचा आवाज मुलुंडपर्यंत येईलही. हाँगकाँग निवडून मी घड्याळ रोज रात्री गॅलरीत, बारा वाजण्याची बाजू बाहेर करून, लाकडी स्टुलावर ठेवत असे. लोखंडी ग्रिलपासून ते दूर ठेवले, घरातले चार्जर काढले, एलईडी दिवे मालवले, आणि सूनबाईंनी ते सर्व तीन आठवडे निमूटपणे चालवून घेतले. एकाही सकाळी संकेत मिळाल्याची खूण दिसली नाही. आमच्या इमारतीपासून रेल्वेची २५,००० व्होल्टची ओव्हरहेड तार दूर नाही आणि शेजारी प्रत्येक घरात डझनभर विजेची यंत्रे आहेत; अशा गोंगाटात साडेचार हजार किलोमीटरवरचे कुजबुजणे ऐकू येईल ही अपेक्षाच चुकीची होती.

मग पुतण्याने जो मार्ग सांगितला तो मला अत्यंत पटला आणि तोच तू करावास असे मी आग्रहाने सांगतो. फोनवर जपानी केंद्राच्या संकेताची नक्कल करणारी ॲप्स मिळतात. फोनचा स्पीकर ४०,००० हर्ट्झचा, म्हणजेच ४० किलोहर्ट्झचा, आवाज काढू शकत नाही, परंतु ॲप १३,३३३ हर्ट्झचा आवाज काढते आणि त्याची तिप्पट जवळजवळ ४०,००० होते. स्पीकरमधील तारेच्या वेटोळ्यातून वाहणाऱ्या प्रवाहात ही तिप्पट कंपनेही थोडीशी मिसळलेली असतात, आणि त्यांचे अगदी दुबळे चुंबकीय क्षेत्र काही सेंटिमीटरपर्यंत पोचते. घड्याळाच्या कांडीला तेवढे पुरते. म्हणजे आवाज घड्याळाला ऐकू जात नसून त्या वेटोळ्यातील चुंबकत्व त्याला जाणवते, हा भेद समजला की फोन इतका जवळ का ठेवायचा हेही समजते.

प्रथम फोनची वेळ आपोआप घेण्याची सोय चालू कर आणि ती दिल्लीच्या प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर दिसणाऱ्या वेळेशी ताडून पाहा, कारण फोन एका सेकंदाने चुकलेला असेल तर घड्याळही इमानाने तेवढेच चुकेल. नंतर घड्याळाची होम सिटी पुन्हा टोकियो कर. ॲपमध्ये ४० किलोहर्ट्झचा जपानी संकेत निवड, आवाज पूर्ण वाढव, इअरफोन आणि ब्लूटूथ तोडून टाक, फोनची स्पीकरची कड घड्याळाला जवळजवळ टेकवून दोन्ही लाकडी टेबलावर ठेव, आणि मग घड्याळाला हाताने संकेत घेण्याची आज्ञा दे. ते बटन प्रत्येक प्रकारात वेगळ्या जागी असते, ते पुस्तिकेत पाहा. त्यानंतर पाच-दहा मिनिटे कशालाही हात लावायचा नाही. पडद्यावर संकेताचे बळ दाखवणारी खूण एकापासून तीनपर्यंत चढते. ती एकावरच अडली तर फोन एखादा सेंटिमीटर सरकवून पुन्हा प्रयत्न करावा. माझ्या फोनला योग्य जागा सापडायला चार संध्याकाळी लागल्या, आणि सापडल्यावर मी टेबलावर पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे.

त्या मिनिटांत काय घडते ते कळले की वाट पाहणे जड जात नाही. जपानी संकेतात दर सेकंदाला एक खूण असते: ०.८ सेकंद टिकली तर शून्य, ०.५ सेकंद टिकली तर एक, आणि ०.२ सेकंदाची खूण केवळ मैलाच्या दगडासारखी. अशा साठ खुणांच्या एका मिनिटात तास, मिनिट, वर्षातला कितवा दिवस, वर्ष आणि वार एवढे सगळे सांगून होते. घड्याळ पूर्ण मिनिटे ऐकते, एकाचा दुसऱ्याशी मेळ घालते आणि खात्री पटल्यावरच आकडे बदलते. तेरा हजार हर्ट्झचा आवाज माझ्या वयाच्या कानाला ऐकू येत नाही, पण नातू शेजारच्या खोलीतून ‘आजोबा, चिरका आवाज येतोय’ म्हणत धावत आला, तेव्हा ॲप चालू असल्याची माझी खात्री झाली.

संकेत मिळाल्याची खूण उमटली की लगेच होम सिटी दिल्ली कर. तास आणि मिनिटे साडेतीन तासांनी मागे येतात, पण सेकंद जसेच्या तसे राहतात, आणि रात्रीची निष्फळ धडपडही थांबते.

यानंतर घड्याळ आपल्या आतल्या क्वार्ट्झवर चालते. तो स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, आणि संकेताशिवाय महिन्याला पंधरा सेकंदांपर्यंत मागेपुढे होऊ शकतो असे पुस्तिका सांगते. माझे घड्याळ दहा दिवसांत सुमारे दोन सेकंद पुढे जाते. मी दर रविवारी रात्री त्याची नोंद एका वहीत करतो आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी वेळ पुन्हा मिळवून घेतो. आणखी एक सांगतो, पावसाळ्यात लांब बाह्यांच्या शर्टाखाली किंवा कपाटात राहिले तर त्याचे सौर चार्जिंग उतरते, आणि चार्जिंग फार उतरले की ते संकेत घेणेच बंद करते. त्याला दिवसाचा थोडा उजेड मिळू दे. अंधारात ठेवल्यावर पडदा कोरा झाला तर घाबरू नकोस. ते वीज वाचवत असते आणि वेळ आत चालूच असते.

तू विचारशील की एवढ्या सेकंदांचा ध्यास कशासाठी. माझे आयुष्य गार्ड म्हणून लोकलच्या शेवटच्या डब्यात गेले. ड्यूटीवर चढण्यापूर्वी घड्याळ मिळवायचे आणि मगच मोटरमनला दोन घंटा द्यायच्या, ही शिस्त अंगात इतकी मुरली की निवृत्तीनंतरही हात आपोआप मनगटाकडे जातो. त्याआधीची आठवण तुझीही आहे. गिरगावच्या चाळीत बातम्यांपूर्वी आकाशवाणीचे ठोके पडत, आणि माझे आजोबा शेवटच्या ठोक्याला चावी आत ढकलून घड्याळ सुरू करत, तेव्हा आपण दोघे श्वास रोखून पाहत असू. तेही रेडिओवर चालणारे घड्याळच होते, फक्त मधे आजोबांचा हात होता. आजोबा ‘मुंबई टाइम’च्या गोष्टी सांगत: प्रमाण वेळ १९०६ मध्ये आली तरी ही नगरी तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली आपली स्वतःची वेळ कित्येक ठिकाणी १९५५ पर्यंत धरून बसली होती. लोकांना भेटीची वेळ ठरवताना ती कोणत्या घड्याळाने, हेही सांगावे लागे.

१ जानेवारी २०१७ ची पहाट माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातली. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर लगेच साडेपाच वाजले नाहीत. पृथ्वीच्या मंदावणाऱ्या फिरण्याशी मेळ राखण्यासाठी साऱ्या जगाच्या वेळेत एक जादा सेकंद घातला गेला. १९७२ पासूनचा तो सत्ताविसावा. मी त्या वेळी ड्यूटीवर होतो आणि ते वर्तमानपत्रात आधी वाचलेले असल्याने घड्याळाकडे टक लावून पाहत होतो, पण माझ्या साध्या घड्याळाला त्याचा पत्ताच लागला नाही आणि ते एका सेकंदाने पुढे निघून गेले. आताच्या घड्याळाला तो पुढच्या संकेताबरोबर आपोआप कळला असता. त्या पहाटेपासून मला असे घड्याळ हवे होते, हे मी पुतण्यालाही कधी सांगितले नव्हते.

तू हे सगळे या आठवड्यात करून पाहा. येत्या रविवारी रात्री ठीक नऊला मी तुला फोन करीन आणि दोघांनी आपापल्या घड्याळातले सेकंद मोठ्याने वाचायचे. फरक किती येतो तो मी वहीत तुझ्या नावाने वेगळ्या पानावर लिहून ठेवीन. त्यापुढे तुझे घड्याळ महिन्याला किती सरकते तेही मला कळवत राहा. दिल्ली निवडल्यावर उन्हाळी वेळ बंद केलीस की नाही, ते फोनवर सर्वांत आधी सांग.

वहिनींना नमस्कार आणि लेकीला आशीर्वाद. तिने निवडलेले घड्याळ उत्तम आहे, हे तिला माझ्याकडून नक्की सांग.

तुझा,
गिरगावातला शेजारी