त्या सोमवारी हा आकडा हातात होता का? : ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

२०२४ मध्ये गणपतीसाठी आपण पुण्याहून बेळगावला आलात आणि आरती आटोपल्यावर सलग तीन संध्याकाळी रविवार पेठेतल्या आमच्या पेढीवर बसून विक्रीचा अंदाज करणारा माझा कोड ओळ न् ओळ वाचलात. त्याबद्दल मी फोनवर आभार मानले होते, पण तेवढ्याने समाधान झाले नाही. आज हे पत्र जाहीरपणे लिहितो आहे, कारण आपल्या सीमाभागात घरचे दुकान, दूध संस्था किंवा खतांची एजन्सी सांभाळत पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणारी माझ्यासारखी आणखीही मुले असतील. गटवार विक्रीच्या आकड्यांची ट्रेनिंग (शिकण्यासाठी) आणि टेस्ट (परीक्षेसाठी) अशी विभागणी कशी करायची, हे मराठीत समजावून सांगणारे माणूस मला भेटले, तसे ते प्रत्येकाला भेटतेच असे नाही.

माझी अडचण काय होती ते आपल्याला ठाऊक आहे. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आमची पेढी रवा, मैदा, बेसन, पोहे, गूळ आणि खोबरे घाऊक भावाने अथणी, खानापूर, गोकाक, चिकोडी, निपाणी, सौंदत्ती, हुक्केरी आणि खुद्द बेळगाव इथल्या दुकानदारांना पुरवते. पेढी चालवणारे अण्णा दर सोमवारी पुढच्या मालाची ऑर्डर देतात आणि माल यायला साधारण दोन आठवडे लागतात. २०२१ पासूनची बिले संगणकात आहेत. ती मी आठवड्यावार एकत्र केली, वस्तू आणि तालुका मिळून एक गट असे गट पाडले आणि सर्व गटांसाठी मिळून, जुन्या आकड्यांवरून शिकून पुढच्या विक्रीचा अंदाज सांगणारे, एकच मॉडेल तयार केले. टेस्टमध्ये चूक शेकडा सहाच्या आसपास दिसत होती. त्या आकड्यावर विसंबून जुलै २०२४ मध्ये अण्णांनी खानापूरसाठी रव्याचे ५० किलोचे कट्टे मागवले. त्यांतले निम्म्याहून अधिक गोदामातच राहिले आणि पावसाळी दमट हवेत रव्याला जाळी धरली. अण्णा मला काहीच बोलले नाहीत. एक कट्टा उसवून त्यांनी मूठभर रवा परातीत पसरला, अळ्या पाहिल्या आणि कट्टा बाजूला ठेवायला सांगितला. तो दिवस माझ्या मनातून अजून जात नाही.

आपण सर्वांत आधी मॉडेलकडे पाहिले नाही. विभागणीची ओळ कुठे आहे, एवढेच आपण विचारले. मी सायकिट-लर्न या पायथॉनच्या लायब्ररीतले ट्रेन-टेस्ट-स्प्लिट हे तयार फंक्शन वापरले होते. ते मुळात तक्त्यातल्या ओळी पत्त्यांसारख्या पिसून घेते. पिसू नको असे स्पष्टपणे सांगितल्याशिवाय ते थांबत नाही. त्यामुळे चोविसावा आठवडा टेस्टमध्ये आणि तेविसावा व पंचविसावा ट्रेनिंगमध्ये असे शेकडो ठिकाणी झाले होते. दोन्ही बाजूंचे आकडे हातात असताना मधला सांगणे हा अंदाज नव्हेच, असे आपण म्हणालात आणि अण्णांनी मान डोलावली. गटवार विक्रीत हा दोष आणखी खोल जातो, हे मला त्याच संध्याकाळी कळले. दिवाळीच्या आठवड्यातली चिकोडीची ओळ ट्रेनिंगमध्ये गेली आणि त्याच आठवड्यातली हुक्केरीची ओळ टेस्टमध्ये आली, तर तो आठवडा तेजीचा होता ही गोष्ट मॉडेलला शेजारच्या तालुक्याकडून आधीच कळलेली असते.

त्यावर मी मोठ्या आत्मविश्वासाने दुसरा उपाय सुचवला होता, तो आपल्याला आठवत असेल. पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीत ग्रुपबाय करून (म्हणजे गट पाडून) प्रत्येक गटाच्या शेवटच्या आठ ओळी टेल हे फंक्शन वापरून टेस्टसाठी बाजूला काढायच्या, म्हणजे प्रत्येक गटाला न्याय मिळेल, असे मला वाटले होते. आपण नकार दिला नाहीत. अथणीच्या बेसनाच्या शेवटच्या आठ ओळींच्या तारखा मोठ्याने वाचायला सांगितल्या. अथणीच्या ज्या दुकानदाराला आम्ही बेसन देत होतो, त्याने डिसेंबर २०२३ मध्ये आमच्याकडून माल घेणे बंद केले होते. त्यामुळे त्या आठ ओळी ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंतच्या निघाल्या आणि १२ नोव्हेंबरचे लक्ष्मीपूजन त्यातच येत होते. बाकीच्या तालुक्यांचा ट्रेनिंगचा डेटा मात्र २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत चालला होता. याचा अर्थ, मॉडेल बाकी सगळीकडची ती दिवाळी पाहून बसले होते आणि मी त्याला अथणीची तीच दिवाळी ओळखायला सांगत होतो. प्रत्येक गटाचे स्वतंत्र मॉडेल असते तर ही पद्धत एक वेळ चालली असती, पण सर्व गटांचे मिळून एक मॉडेल असेल तर कापण्याची तारीख सर्वांना एकच हवी, हे मला त्या आठ तारखा वाचतानाच पटले.

एम-फाइव्ह या अंदाज-स्पर्धेचा दाखला आपण त्याच वेळी दिलात. वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीच्या १० दुकानांतल्या ३,०४९ वस्तू, म्हणजे वस्तू आणि दुकान मिळून ३०,४९० मालिका त्या स्पर्धेत होत्या आणि अंदाज करायचे २८ दिवस सर्व मालिकांसाठी दिनदर्शिकेवरचे तेच होते. आमच्या पेढीच्या मालिका शंभरीच्या आतल्या आहेत, तरी नियम तोच लागू पडतो.

दुसऱ्या संध्याकाळी टाइम-सिरीज-स्प्लिट या सायकिट-लर्नमधल्याच दुसऱ्या विभागणी-साधनाची पाळी आली. नावातच टाइम सिरीज (काळाच्या क्रमाने लावलेली मालिका) असल्यामुळे मी ते निर्धास्तपणे वापरणार होतो. पण ते तारीख पाहत नाही, केवळ ओळींचा क्रम पाहते, ही गोष्ट आपण माझ्याच फाइलवर दाखवलीत. माझा तक्ता आधी तालुक्याने आणि मग तारखेने लावलेला होता. त्यामुळे पहिल्याच फेरीत अथणीच्या ओळींवर शिकायचे आणि खानापूरच्या ओळींवर परीक्षा द्यायची असा प्रकार झाला. भूतकाळ आणि भविष्यकाळ यांचा तिथे संबंधच उरला नाही. ग्रुप-के-फोल्ड या तिथल्याच तिसऱ्या साधनाने गट अखंड राहतात, पण काळाची सरमिसळ होते, म्हणून तेही इथे उपयोगाचे नाही. आपण सुचवलेला मार्ग इतका सरळ आहे की तो मला आधी का सुचला नाही याचे नवल वाटते. तक्त्यातल्या वेगवेगळ्या आठवड्यांची एकच यादी करायची, प्रत्येक आठवडा एकदाच. ती यादी टाइम-सिरीज-स्प्लिटला द्यायची आणि जे आठवडे ज्या बाजूला येतील, त्या आठवड्यांच्या सर्व गटांच्या ओळी त्या बाजूला घ्यायच्या. त्यातला गॅप (मधले अंतर) नावाचा पर्यायही असा वापरला की आठवड्यांतच मोजला जातो, म्हणून माल यायला लागणारे दोन आठवडे मधून वगळता येतात. सोमवारी ऑर्डर देताना पुढच्या दोन आठवड्यांची विक्री आपल्याला ठाऊक नसते. मग ती मॉडेललाही ठाऊक असता कामा नये.

विभागणी दुरुस्त झाली तरी चूक संशयास्पदरीत्या कमीच राहिली, आणि खरा चोर तिथे सापडला. आठ आठवड्यांची सरासरी काढताना मी चालू आठवडाही तिच्यात धरला होता. ज्या आकड्याचा अंदाज करायचा, त्याचाच आठवा हिस्सा मी मॉडेलच्या हातात ठेवत होतो. प्रत्यक्ष अंदाजाच्या वेळी चालू आठवडा नसतो, म्हणून माझा कोड तिथे शेवटचा उपलब्ध आकडा भरत होता. खानापूरचे दुकानदार जूनच्या सुरुवातीला पावसाळ्याची बेगमी करतात. ती चढी विक्री तशीच पुढे ओढली गेली आणि रव्याचे कट्टे गोदामात येऊन पडले. तारखेची भिंत कितीही भक्कम बांधली तरी एखाद्या कॉलमच्या आडून भविष्यकाळ आत येतो, हे मला कोणत्याही व्हिडिओतून इतके स्पष्ट कळले नव्हते.

शिफ्टची, म्हणजे मागील आठवड्याचा आकडा मिळवण्यासाठी कॉलम खाली सरकवण्याची, चूक त्या मानाने लहान होती, पण ती दाखवण्याची आपली रीत मी विसरणार नाही. आपण वहीच्या पानावर पेन्सिलने दोन गट एकाखाली एक लिहिलेत. अथणीचा शेवटचा आठवडा, १२ कट्टे. त्याखाली खानापूरचा पहिला आठवडा, ३० कट्टे. मग आपण पूर्ण कॉलम एक घर खाली सरकवलात आणि अथणीचे १२ कट्टे खानापूरच्या ‘मागील आठवडा’ या रकान्यात जाऊन बसले. ग्रुपबाय केल्यानंतर शिफ्ट केले असते तर ते घर रिकामे राहिले असते, आणि रिकामे राहणे हेच तिथे खरे उत्तर आहे. ज्या आठवड्यात बिलच झाले नाही, त्या आठवड्याची ओळच तक्त्यात नसते, त्यामुळे शिफ्टने मिळणारी मागची ओळ म्हणजे मागचा आठवडा असेलच असे नाही, हेही त्याच पानावर आले. आता मी प्रत्येक गटाची दिनदर्शिका आधी पूर्ण करतो आणि विक्री नसलेल्या आठवड्यात शून्य लिहितो. मात्र त्या आठवड्यात आमच्याकडेच माल शिल्लक नव्हता का, हे अण्णांना विचारून वेगळ्या कॉलममध्ये नोंदवतो, कारण मागणी नसल्याचे शून्य आणि माल नसल्याचे शून्य एक नव्हे. शून्य आले की शेकडेवारीची चूक काढताना भागाकार कोलमडतो, म्हणून अधिक-उणे चिन्ह न धरता सर्व चुकांची बेरीज भागिले एकूण विक्री हे माप आपण सुचवलेत. पेढीच्या भाषेतही तेच लवकर समजते.

आणि गटांची नावे. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले, पण आमच्या बिलांत दुकानदार सांगेल तसे बेळगाव, बेळगावी आणि इंग्रजी स्पेलिंगवरून आलेले बेलगाम अशी तीनही नावे होती. निपाणी पूर्वी चिकोडी तालुक्यात होती, म्हणून तिथल्या काही दुकानांपुढे अजून चिकोडीच लिहिलेली होती. आपल्याला वाचताना काही खटकत नाही, पण ग्रुपबायच्या दृष्टीने ते वेगवेगळे गट होते आणि एकाच गावाची विक्री तीन तुटक मालिकांत विभागली गेली होती. शिवाय ज्या बिलांवर तालुका लिहायचाच राहिला होता, त्या ओळी ग्रुपबायने गुपचूप गाळल्या होत्या, कारण रिकाम्या नावाचा गट ते मुळात धरत नाही. तिसरी संध्याकाळ पूर्णपणे या नावांच्या यादीत गेली. आपण आणि अण्णा जुन्या खातेवह्या पाहून एकेका दुकानाचे गाव ठरवत होता आणि मी टाइप करत होतो. माझ्या मते मॉडेलमध्ये केलेल्या कोणत्याही बदलापेक्षा त्या संध्याकाळचा उपयोग अधिक झाला.

सणांबद्दल मी उगाच घाबरलो होतो. भविष्यातले काहीच वापरायचे नाही, तर गणेश चतुर्थीची तारीखही काढून टाकावी लागेल का, असे मी विचारले होते. तेव्हा आपण प्रत्येक कॉलमसाठी एकच प्रश्न लिहून दिलात : ‘त्या सोमवारी हा आकडा आपल्या हातात होता का?’ पंचांग तर वर्षभर आधी हातात असते. अधिक श्रावणामुळे २०२३ मध्ये चतुर्थी १९ सप्टेंबरला गेली, २०२४ मध्ये ती ७ सप्टेंबरला आली आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. इसवी सनाच्या आठवड्याचा क्रमांक एवढाच मॉडेलला दिला तर त्याला हा सण कधीच सापडणार नाही. चतुर्थीला किती आठवडे उरले हा कॉलम दिला तर सापडतो, आणि त्यात कोणतीही लबाडी नाही. सौंदत्तीच्या यल्लम्मा यात्रेच्या पौर्णिमा आणि बेळगावची वैशाखातली शिवजयंती याच नियमाने आता तक्त्यात आहेत.

सर्व दुरुस्त्या झाल्यावर टेस्टमधली चूक सहावरून पंचवीसच्या पुढे गेली होती आणि मी खचलो होतो. आपण म्हणालात की पूर्वीचा आकडा खोटा होता, हा खरा आहे, आणि याच्याशी तुलना करायला मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याची विक्री हा साधा अंदाज शेजारी ठेव. अथणीत तो साधा अंदाजच सरस ठरला. म्हणून अथणीसाठी आजही आम्ही तोच वापरतो, मॉडेल नाही. चार वेगवेगळ्या तारखांना कापून, त्यातली एक दिवाळीपूर्वीची आणि एक पावसाळ्याच्या तोंडावरची अशी निवडून, दर वेळी पुढच्या चार आठवड्यांची परीक्षा घेण्याची आपण लावलेली सवय मी मोडलेली नाही.

आपल्या त्या तीन संध्याकाळी सुट्टीच्या होत्या, घरी पाहुणे होते, आणि तरी आपण घाई केली नाहीत. चूक कुठे आहे ते मला न सांगता, ती मला दिसेल अशा जागी बोट ठेवत गेलात. अण्णांना कोड कळत नाही, पण प्रत्येक टप्प्यावर आपण त्यांचे मत विचारलेत, आणि त्यामुळे त्यांचा माझ्या कामावरचा विश्वास परत आला. याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे.

२०२५ च्या जुलैमध्ये खानापूरसाठी रव्याची ऑर्डर काढताना अण्णांनी अंदाजाचा कागद मागितला, आपल्या हस्ताक्षरातला तो प्रश्न लिहिलेले वहीचे पान त्याच्या शेजारी ठेवले आणि एकेका कॉलमवर बोट ठेवून मला उत्तरे द्यायला लावली. ऑर्डर त्यांनी त्यानंतरच लिहिली. श्रावण संपेपर्यंत गोदामात चार कट्टे उरले होते, आणि त्यांतला रवा चांगला होता.

आईने आपल्यासाठी कुंद्याचा डबा बाजूला ठेवला आहे. दिवाळीला येणे झाले तर पेढीवर अवश्य यावे.

आपला कृतज्ञ,
रविवार पेठेतला धाकटा भाऊ
बेळगाव