विषय: मायटोकाँड्रिया-लायसोसोमची डाय जोडी, पाणी झालेला आइसपॅक आन् तुमचे एक्सपर्ट

तुमच्या टेक्निकल एक्सपर्टनं आत्ता बोलता बोलता मधातच फोन ठेवला म्हणून हे लिहून रायलो.

जिवंत पेशीतले मायटोकाँड्रिया (ऊर्जा बनवणारे भाग) लाल आन् लायसोसोम (कचरा पचवणाऱ्या पिशव्या) हिरवे दाखवणारी तुमची डाय जोडी मागवली होती. पार्सल पांढरकवड्याच्या कुरियर ऑफिसात आलं तं आइसपॅकचं कोमट पाणी झालेलं. लेबलवर तुम्हीच लिहिलं, उणे 20 ला ठेवा, उजेड लागू देऊ नका. आन् डबा पडला होता दारातल्या उन्हात, मे महिन्यात! तरी नागपूरला कॉन्फोकल मायक्रोस्कोपचा स्लॉट मोठ्या मुश्किलीनं भेटला होता म्हणून वापरला. लाल डाय टाकलाच नाही, फक्त हिरवा टाकला, तरी लाल चॅनल उजळून निघते. बिनाडायच्या पेशी त्याच सेटिंगला काळ्याकुट्ट, म्हंजे पेशीचा दोष नाही. हिरवा तं लायसोसोम सोडून अख्ख्या सायटोप्लाझममधे पसरला. लायसोसोमच्या आत पीएच 4.5 ते 5 असते, त्या आंबटपणात अडकून बसावं म्हणूनच हा डाय बनवला ना, मग तो सगळीकडं काहून फिरून रायला?

हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणते, "सर, आपला डाय रूम टेंपरेचरला स्टेबल आहे." म्या म्हटलं कोणाची रूम? आमची मे मधे 42 ला असते. तो हसला. मंग म्हणते, "सर, गावाकडं खरंच लाइव्ह सेल, म्हणजे जिवंत पेशींवर काम करता का, की नुसत्या स्लाइड बघता?" तेही गिळलं. मंग त्यानं उपाय सांगितला, "आधी मेथॅनॉलनं पेशी फिक्स करा, मग डाय टाका, बॅकग्राउंड जाईल." अहो साहेब, मायटोकाँड्रियाच्या मेंब्रेनवर व्होल्टेज असते, त्याच्याच ओढीनं तुमचा लाल डाय आत जाते. पेशी मारली का व्होल्टेज खतम, लायसोसोमचा आंबटपणाही खतम. मुडद्याची नाडी बघायला सांगून रायले तुम्ही! हे समजावलं तं उत्तर काय, "सर, ब्रोशर नीट वाचा." आन् फोन ठेवला.

वाचलं ब्रोशर. त्यात लिहिलं, लाल-हिरवं एकावर एक येऊन पिवळं दिसलं म्हंजे दोघांचा संपर्क झाला. साध्या कॉन्फोकलला 200 नॅनोमीटरच्या आतलं वेगळं दिसत नाही, आन् संपर्काच्या जागी दोन मेंब्रेनमधलं अंतर असते साधारण 10 ते 30. पिवळं म्हंजे आजूबाजूला आहेत, बस, एवढंच. टेकले का नाही ते बघायचं तं फ्रेटची जोडी लागते, म्हंजे अगदी जवळ आल्यावरच एकाची ऊर्जा दुसऱ्याला देणारे दोन चमकणारे रेणू, नाही तं दोन अर्धे तुकडे जवळ आल्यावरच चमकणारं प्रोटीन. आमच्या एमेस्सीच्या पोट्ट्यायले हे समजते. तुम्ही फोकनाडं मारून डाय विकता, आन् वरून आम्हालेच विचारता गावात लाइव्ह सेल करता का म्हणून.

परत सांगतो, आइसपॅकचं पाणी झालं होतं. फोटो जोडले आहेत, त्यातच लॉट नंबर दिसते.

नवीन वायल ड्राय आइसमधे पाठवा, सोबत त्याच लॉटचा एमिशन स्पेक्ट्रम (डाय कोणत्या रंगाचा उजेड किती सोडते त्याचा आलेख) पाठवा, नाही तं पूर्ण पैसे परत करा. तेही जमत नसंन तं यवतमाळचं ग्राहक आयोग आहे, आन् तो लाल चॅनलचा फोटो ओळखीच्या सगळ्या लॅबमधे जाईन. शिकत होतो तेव्हापासून तुमचेच डाय वापरले राजेहो, तेव्हा असे नव्हते तुम्ही. उत्तर ईमेलवर द्या, त्या एक्सपर्टले फोन करायला लावू नका.