एकदा आपल्याच गाडीसमोर उभं राहून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रात्री गाडी चालवणारे चार लोक भेटले की एक विषय हमखास निघतो, समोरच्यांचे लाईट डोळ्यात जातात. माझीही तीच तक्रार होती आणि अजून आहे, पण काही महिन्यांपूर्वी जे झालं त्यानंतर मी या गोष्टीकडे जरा वेगळं बघायला लागलोय, म्हणून हे पत्र.

साध्या दोन पदरी रस्त्यावरून रात्री येत होतो. समोरून एक उंच गाडी, पांढरा फक्क लाईट. मी दोनदा डिपर दिला, काही फरक नाही. ती गाडी बाजूनं निघून गेली आणि त्यानंतर काही क्षण माझ्यापुढे नुसता काळोख, रस्ता नाही, कड नाही, काहीच नाही. त्या काळोखात सायकल हातात धरून चालणारा एक माणूस होता. माझा पाय आधीच ब्रेकवर होता म्हणून निभावलं, नाहीतर काय झालं असतं ते लिहवत नाही. त्या रात्री झोप लागली नाही.

नंतर हिशोब केला. ताशी ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. डोळे दिपल्यावर सावरायला ३ सेकंद जरी धरले तरी ५० मीटर आपण जवळजवळ आंधळेपणानं गेलेले असतो. कारण डोळ्याची बाहुली उजेडात चटकन लहान होते पण अंधारात परत मोठी व्हायला वेळ घेते, आणि पूर्ण अंधाराला सरावायला तर डोळ्याला अर्धा तास सुद्धा लागतो. वय वाढलं की हे सगळं अजून हळू होतं. त्यात मोतीबिंदूची सुरुवात असेल तर उजेड डोळ्यातल्या डोळ्यात पसरतो आणि दिव्याभोवती मोठं वलय दिसतं. घरातले वडीलधारे रात्री गाडी चालवायला नको म्हणतात तेव्हा त्यांना भित्रं म्हणू नका, त्यांना खरंच कमी दिसतंय, आधी डोळे तपासून घ्या.

आता मुख्य गोष्ट. त्या प्रसंगानंतर मी एकदा संध्याकाळी अंधार पडल्यावर भावाला माझ्या गाडीत बसवलं, लाईट लो बीमवर, म्हणजे खालच्या झोतावर, ठेवायला सांगितला आणि स्वतः समोर पन्नासएक पावलांवर रस्त्याच्या कडेला जाऊन खाली वाकून, म्हणजे समोरून येणाऱ्या ड्रायव्हरचे डोळे जिथे असतील त्या उंचीवर, बघितलं. सरळ डोळ्यात! माझा लाईट, लो बीमवर! इतकी वर्षं मी दुसऱ्यांवर चिडत होतो आणि माझ्या समोरून येणारे किती जण माझ्यावर चिडले असतील. मला खरंच वाईट वाटलं. आपला लाईट समोरून कसा दिसतो हे आपल्याला कधी कळतच नाही, कारण आपण कायम दिव्याच्या मागे बसलेले असतो.

कारणं दोन निघाली. एक म्हणजे डिकीत बरंच जड सामान होतं, मागची बाजू दबली की गाडीचं नाक वर होतं आणि लो बीम सुद्धा वर जातो. यासाठी बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ ०, १, २, ३ असं लिहिलेलं एक छोटं चाक असतं. बरेच जण समजतात की आकडा वाढवला की उजेड वाढतो, मीही तेच समजत होतो. तसं नाहीये. आकडा वाढवला की दिव्याचा झोत खाली येतो, म्हणजे गाडीत माणसं किंवा सामान भरलं की आकडा वाढवायचा आणि गाडी रिकामी झाली की परत शून्यावर.

दुसरं कारण बल्ब. मी आधीचे हॅलोजन काढून त्याच जागी एलईडी बसवून घेतले होते, जास्त उजेड पडेल म्हणून. पण हॅलोजनसाठी बनवलेला रिफ्लेक्टर, म्हणजे बल्बमागची चकचकीत वाटी, बल्बमधली तार नेमकी कुठे पेटते त्या हिशोबानं घडवलेला असतो, आणि लो आणि हाय बीमच्या दोन्ही तारा एकाच बल्बमध्ये असतात त्या साध्या एच फोर बल्बमध्ये तर लो बीमच्या तारेखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते, जी वर जाणारा उजेड अडवते. तिथे दुसऱ्याच आकाराचा एलईडी घुसवला की उजेडाची वरची कड फिसकटते आणि झोत चारी बाजूंना उधळतो. आपल्याला बोनेटसमोर पांढराशुभ्र उजेड दिसतो म्हणून आपण खूश, लांबचं मात्र धड दिसत नाही आणि समोरचा हैराण. मी ते काढून परत कंपनीचे हॅलोजन बसवले, सुरुवातीला पिवळट वाटलं, आठवड्यात सवय झाली.

मूळ कंपनीचेच एलईडी असलेल्या गाड्यांचं वेगळं, त्यांची रचना त्याच दिव्यासाठी असते. तरीही गाडी उंच असेल, दिव्याची काच छोटी असेल आणि उजेड निळसर असेल तर तो डोळ्याला जास्त टोचतो हे खरं आहे. समोरच्या गाडीपुरताच उजेड आपोआप कमी करणारे दिवे २०१३ मध्ये ऑडीच्या ए एट गाडीत आले, पण रस्त्यावरच्या बाकीच्या गाड्यांचं काय, त्यांना फोकस सेट करण्याशिवाय उपाय नाही.

आणि फोकस जरासा जरी हलला तरी किती फरक पडतो बघा. झोत फक्त १ अंश वर गेला तर ५० मीटरवर तो साधारण ८७ सेंटीमीटर वर जातो, म्हणजे जो उजेड समोरच्याच्या बंपरखाली पडायला हवा तो त्याच्या काचेतून आत जातो.

समोरून असा लाईट आलाच तर मी आता काय करतो ते सांगतो. लाईटकडे बघत नाही, त्या गाडीपासून लांबच्या, म्हणजे आपल्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर नजर ठेवतो आणि स्पीड आधीच कमी करतो. ती रेषा नसेल तर स्पीड अजूनच कमी. बदला म्हणून अप्पर, म्हणजे वरचा झोत, मारत नाही, त्यानं एकाच्या जागी दोघं आंधळे होतात. मागून लाईट येत असेल तर आतल्या आरशाखालची छोटी दांडी ओढायची, बरेच जण ती कधी वापरतच नाहीत. आणि पुढची काच आतून पुसा, आतल्या बाजूला जो तेलकट थर बसतो तो दिवसा दिसत नाही पण रात्री त्यावरच सगळा उजेड पसरतो.

रात्रीसाठी म्हणून मिळणारे पिवळे चष्मे मात्र घेऊ नका. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या शेपेन्स आय रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी सिम्युलेटरवर तपासून बघितलं, तर पिवळ्या काचांमुळे रस्त्यावरचा माणूस लवकर दिसला असं काही आढळलं नाही. उजेड मुळातच कमी, त्यात अजून गाळायचा कशाला?

संपादक साहेब, माझी एक विनंती आहे. आपल्या पेपरात थोडी जागा देऊन भिंतीवरच्या टेस्टचं एक चित्र छापा. सपाट जागा, टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हर सीटवर बसलेला, स्टिअरिंगजवळचं ते आकड्यांचं छोटं चाक शून्यावर, गाडी भिंतीपासून १० मीटरवर, दिव्याच्या मध्याची उंची खडूनं भिंतीवर मारलेली आणि लो बीमची वरची कड त्या खुणेच्या साधारण १० सेंटीमीटर खाली. बऱ्याच गाड्यांवर हेडलाईटजवळ १.० किंवा १.२ टक्के असा आकडा छापलेला असतो, १.२ म्हणजे १० मीटरला १२ सेंटीमीटर खाली. बाईकवाल्यांनी बाईकवर बसून बघायचं, कारण माणूस बसला की मागचं स्प्रिंग दबतं. कड वर दिसली तर गॅरेजमध्ये फोकस सेट करून मागायचा, दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं.

आपला,
रात्री गाडी चालवणारा एक वाचक