रस्ता तुमचा, गटार नगरपालिकेचं, मोडलेलं हाड आमचं

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझी आई रस्त्याच्या कडेला पडली. वय ७१. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया करावी लागली. ती कुठे पडली ते नीट सांगतो, कारण या पत्राचा सगळा विषय तेवढ्या जागेत आहे.

गावातून जाणारा राज्यमार्ग तुमच्या खात्याने काँक्रीटचा केला. जुन्या डांबरावरच थर चढवल्यामुळे रस्ता हातभर वर आला. शेजारचं गटार नगरपालिकेचं, ते होतं तिथेच राहिलं. काँक्रीटची कडा आणि गटाराची भिंत यांच्यामध्ये माणूस सहज आत जाईल एवढी फट आहे. तिथे मुरूम दाबून साइडपट्टी करायला हवी होती. केली नाही. पहिल्याच पावसात फटीत पाणी भरलं, खोली दिसेनाशी झाली. मागून ट्रक आला म्हणून आई एक पाऊल बाजूला झाली.

ही फट कुणाची? तुमचे अभियंते म्हणतात, अंदाजपत्रक काँक्रीटच्या कडेपर्यंतच होतं, पुढची हद्द नगरपालिकेची. नगरपालिकेत ऐकवतात, रस्ता आमच्याकडे वर्गच झालेला नाही, तिथे एक पाटी मुरूम टाकला तरी लेखापरीक्षणात आक्षेप निघेल. दोघांचेही कागद तयार आहेत. आणि याच जागेबद्दल 'पावसाळ्यापूर्वी संयुक्त पाहणी करून साइडपट्टी भरून घेण्यात येईल' असं लेखी उत्तर आम्हाला उन्हाळ्यातच मिळालं होतं. त्यावर जावक क्रमांक आहे, शिक्का आहे, सही आहे. पाहणी झालीच नाही.

कूस बदलताना आई ओरडत नाही, चादर मुठीत आवळून धरते. आजवर स्वतःचं पाणीसुद्धा स्वतः उठून घेणारी बाई, आता तिला भांडं द्यायला सुनेला हाक मारावी लागते, आणि त्या लाजेनं ती दिवसभर पाणीच पीत नाही. पत्नी बिनपगारी रजेवर आहे. माझी झोप उडाली आहे. तुमच्या दप्तरात या सगळ्याला कुठला रकाना आहे, साहेब?

गेल्या वर्षी हाच रस्ता पूर्ण झाल्यावर थोड्याच दिवसांत नगरपालिकेने जलवाहिनीसाठी तो आडवा फोडला होता. काँक्रीट पडण्याआधी वाहिनी टाकायला काय झालं होतं? उत्तर मिळालं की वाहिनीचा निधी नंतर आला. म्हणजे एकाच शासनाचे दोन निधी एकाच रस्त्यावर एकमेकांच्या मागे धावतात आणि दोन्ही वेळा पैसे आमचेच जातात. खोदण्याआधी एकमेकांना कळवावं म्हणून केंद्राने २०२३ साली 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप काढलं. आमच्याकडे एकाच आवारातली दोन कार्यालयं एकमेकांना टपालाने पत्रं पाठवतात.

समन्वय जमत नाही असं मला सांगू नका. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद करायला सांगितलं, तेव्हा शहरांतून जाणाऱ्या रस्त्यांचा राज्यमार्गाचा दर्जा काढून ते पालिकांकडे वर्ग करण्याचे आदेश याच राज्यात निघाले. तेव्हा हद्द ठरली, फायली हलल्या, सह्या झाल्या. दारूच्या दुकानांसाठी जे महिन्यांत झालं, ते चालणाऱ्या माणसासाठी वर्षानुवर्षं होत नाही.

७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे. बाराव्या अनुसूचीत 'रस्ते आणि पूल' हा विषय नागरी संस्थांचा म्हणून लिहिलेला आहे. प्रत्यक्षात मोठ्या रस्त्यांचा पैसा मुंबईत ठरतो, अभियंते तुमचे, कंत्राटदार तुमचा, आणि शिव्या खायला वॉर्डातला माणूस. तो माणूसही वर्षानुवर्षं नव्हता. राज्यातल्या कितीतरी नगरपालिका निवडणुकांविना प्रशासकांच्या हाती होत्या. त्या काळात कंत्राटं निघाली, बिलं निघाली, विचारायला मात्र कुणी नव्हतं. याला लोकशाही म्हणायचं का?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाखांपर्यंत भरपाई देण्याचे आदेश दिले. आम्हीही अर्ज करू. पण पहिला वाद पुन्हा तोच होणार: फट कुणाच्या हद्दीत? जखमी माणसाने भरपाई मागण्याआधी मोजणी करून घ्यायची का?

मागण्या फार नाहीत. गावातल्या राज्यमार्गाचं काम निघालं की तुमच्या उपअभियंत्याने आणि नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत संयुक्त मोजणी करावी. साइडपट्टी, गटाराची पातळी, जलवाहिनी, केबल हे सगळं एकाच अंदाजपत्रकात यावं. दोघांची सही असल्याशिवाय कंत्राटदाराचं अंतिम बिल निघू नये. आणि रस्ता रीतसर वर्ग होईपर्यंत जबाबदार कोण, त्या एका अधिकाऱ्याचं नाव कामाच्या फलकावर असावं. आज त्या फलकावर उद्घाटकांची नावं ठळक आहेत.

आमच्या गावातली ती फट आजही उघडी आहे. आई पडल्यावर दोन्ही कार्यालयांतून माणसं आली, फोटो काढून गेली. शाळेत जाणारी पोरं रोज त्या फटीच्याच कडेने चालतात. तुमचा आणि नगरविकास खात्याचा वाद मिटेल तेव्हा मिटो, मुरूम या आठवड्यात टाका. खर्च कुणाच्या नावावर घालायचा ते नंतर ठरवा.

आपल्याच राज्यातला एक करदाता